टीथ गार्ड घाऊक घ्यायचे आहेत : ३८ रुपयांचे घेऊ की ८५ चे?

पराटीवाला

राम राम मंडळी.

दारव्ह्यापासून बारा किलोमीटरवर आमचं गाव. जिनिंगचं जुनं गोदाम भाड्यानं घेऊन दोन वर्षांपासून तिथं बॉक्सिंग आणि किकबॉक्सिंग शिकवतो. सध्या ४१ पोरं-पोरी, त्यात मुली १३. सगळ्यात लहान ९ वर्षांचा, सगळ्यात मोठा २४ चा, तो पोलीस भरतीची तयारी करून राहिला. ग्लोव्ह्ज आहेत. ठोसे मारायच्या दोन बॅगा विकतच्या आहेत, तिसरी आम्हीच पोत्यात चिंध्या ठासून केली आणि तीच सगळ्यात टिकाऊ निघाली.

टीथ गार्ड मात्र फक्त ११ जणांकडे. त्यामुळं स्पारिंग (सरावाची लढत) म्हटलं की तेच ११ जण आलटूनपालटून, बाकीचे प्रेक्षक. मागच्या आठवड्यात एकानं दुसऱ्याचं गार्ड नळाखाली धरलं आणि सरळ तोंडात घातलं. मी ओरडलो, पण रात्री झोपताना वाटलं की चूक त्याची नाही, माझी आहे.

तर एकदाचे ६० घेऊन टाकायचे. तीन भाव काढले. यवतमाळच्या दुकानात सुटा १२०. नागपूरला सीताबर्डीवर डझनाच्या हिशोबानं ८५. आणि ऑनलाइन एक होलसेलवाला १०० नग घेतले तर ३८ ला द्यायला तयार आहे. खिशात ५,००० आहेत. मन ३८ वर जातंय. दिसायला तर सगळे सारखेच. कोणी असे घाऊक घेतलेत का?

तिखट_सावजी

३८ रुपयांत आमच्याकडं एक प्लेट तर्री-पोहे येतात. दातांचं तुम्ही बघा.

संत्रानगरी

पराटीवाला भाऊ, थांबा. हे मी करून बसलोय.

आमच्या इकडच्या कराटे क्लाससाठी असेच १०० नग मागवले होते. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. पेटी उघडली तर शंभरच्या शंभर लालभडक! फोटोत पांढरे होते. फोन केला तर म्हणे 'कलर ॲज पर अव्हेलेबिलिटी' असं खाली लिहिलंय. लिहिलं होतं खरं, मुंगीएवढ्या अक्षरात.

लाल रंगात वाईट काय, तर बॉक्सिंगच्या स्पर्धेत लाल किंवा लालसर गार्ड चालत नाही. तोंडातून रक्त आलं तर पंचाला दिसलं पाहिजे. तायक्वांदोवाले तर त्याहून कडक, तिथं फक्त पांढरं किंवा पारदर्शक. तुमची पोरं उद्या कुठल्या स्पर्धेत जातील सांगता येत नाही, त्यामुळं डोळे मिटून पारदर्शक नाहीतर पांढरे घ्या. त्या लाल शंभरातले ऐंशी अजून माझ्या माळ्यावर आहेत.

तिखट_सावजी

@संत्रानगरी तान्ह्या पोळ्याला वाटून टाका. पोट्टे नंदीबैलाला लावतील.

लालमाती

अरे बावा, आमी सारी उमर लाल मातीत लोळलो, नागपंचमीच्या दंगली केल्या, तोंडात कधी काई घातलं नाई. कान तुटले, नाक वाकलं, पन दात सारे जागेवर हायेत. पोट्ट्यायले हे रबर चघळाले काहून लावता? पैशे जास्त झाले असन तं बदाम चारा.

पराटीवाला

काका, कुस्तीत ठोसा नसतो हो.

लालमाती

हाव, पन डोकसं लागते ना. असं लागते का दिवसा चांदन्या दिसते.

दाढदुखी

मी दंतवैद्य आहे, वर्ध्याकडं प्रॅक्टिस. लांबड लागेल, वाचून घ्या.

गार्ड तीन जातीचे असतात. पहिलं म्हणजे तयार. पाकिटातून काढलं की थेट तोंडात. ते कुणाच्याच दातांवर बसत नाही, दात आवळून धरून ठेवावं लागतं. तोंड उघडलं की पडलं. ते घालून पोरगं धड श्वास घेत नाही आणि धड बोलत नाही, आणि अर्ध्या तासात काढून मोज्यात खुपसतं. तुमचं ३८ वालं बहुतेक याच जातीचं असणार.

दुसरं, गरम पाण्यात मऊ करून दातांवर चावून बसवायचं. हे ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचं असतं, चपलेच्या मऊ तळव्यात वापरतात त्याच कुळातलं. गरम झालं की मऊ होतं, थंड झालं की दातांचा साचा धरून ठेवतं. तुम्हाला हे पाहिजे.

तिसरं, आमच्याकडं येऊन माप देऊन करायचं. आल्जिनेट नावाच्या लगद्यात दातांचा ठसा, त्याच्यावरून प्लास्टरचा साचा आणि त्यावर ईव्हीएची शीट तापवून हवेच्या दाबानं बसवायची. सगळ्यात उत्तम तेच, पण हजारात जातं. ४१ जणांना ते करा असं मी सांगणार नाही. राज्य स्पर्धेला जाणारे दोन-तीन असतील तर त्यांच्यापुरता विचार करा. नागपूर आणि सावंगीला डेंटल कॉलेज आहेत, तिथं चौकशी केली तर खाजगीपेक्षा परवडतं.

दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : गरम पाण्यात मऊ होतं का? तो 'सगळेच होतात' म्हणाला तर २ नग विकत घ्या, घरी आणून करून बघा. खरं ईव्हीए गरम पाण्यात लवलवीत होतं. सिलिकॉनचं असेल तर तसंच राहतं, नुसतं गरम होतं.

आणि @लालमाती काका, कुस्तीत दात कमी जातात हे खरं, पण माझ्याकडं तुटका दात घेऊन येणारे जास्त करून दोन ठिकाणचे असतात. एक मोटारसायकल, दुसरी कबड्डी. कबड्डीत पकडायला चार जण एकदम झेपावतात आणि चौघांची डोकी एकाच जागी येतात.

लालमाती

डाक्टरसाहेब, आता खोटं काहून बोलू. दात सारे जागेवर हायेत, दोन सोडून. ते हापशीच्या दांडक्यानं गेले. त्यात कुस्तीचा काई संबंध नाई.

तिखट_सावजी

म्हणजे हापशीवर जाताना गार्ड घाला. लिहून घेतलं.

अंजनगावची

माझी मुलगी १४ वर्षांची, अमरावतीला बॉक्सिंग करते. मुलींच्या बाजूनं दोन गोष्टी.

बहुतेक दुकानात 'सीनिअर' आणि 'ज्युनिअर' असे दोनच साइज असतात आणि दुकानदार वय विचारून हातात ठेवतो. वयावर जाऊ नका, जबड्यावर जा. माझ्या मुलीला १४ व्या वर्षीही ज्युनिअरच बसतं. सीनिअर घातलं की मागं घशाशी लागून उमासे यायचे. सर म्हणाले सवय होईल. सवय कसली होते, तिनं ते घालणंच सोडलं. शेवटी मीच कात्रीनं मागून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कापलं.

दुसरं, तुमच्यातल्या कुणाच्या दातांना तारा असतील तर साधं गरम पाण्याचं गार्ड देऊ नका. मऊ प्लास्टिक तारेत शिरून तिथंच घट्ट होतं. तारांवर घालायचे वेगळे सिलिकॉनचे मिळतात.

आणि एक सांगू? 'पालकांनी आपापलं आणावं' असं करू नका. मुलासाठी १२० रुपये निघतात. मुलीसाठी 'तुला कशाला मारामारी' इथून सुरू होतं. तुम्ही क्लबातर्फे घेऊन दिलं तर ती चर्चाच होत नाही.

पराटीवाला

ताई, हे शेवटचं अगदी बरोबर. १३ पैकी फक्त एकीकडं गार्ड आहे आणि तेही तिच्या मामानं पुण्याहून आणलेलं.

संत्रानगरी

मुलींचा विषय निघालाच आहे तर आमच्या नागपूरच्या बॉक्सर अल्फिया पठाणचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाऊ देणार नाही. २०२१ ला पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण. 'तुला कशाला मारामारी' म्हणणाऱ्यांना एवढं सांगा.

परागंदा_खामगावकर

मी पुण्यात किकबॉक्सिंग करायचो. खरं कारण कोणी सांगत नाहीये. गार्ड असलं की हनुवटीवर बसलेला फटका मेंदूपर्यंत जात नाही, माणूस नॉकआउट होत नाही. दात हा किरकोळ भाग आहे.

दाढदुखी

@परागंदा_खामगावकर हे जिमजिममध्ये सांगतात, पण असं छातीठोकपणे म्हणू नका. दात, ओठ, जीभ आणि गालाची आतली बाजू वाचते हे पक्कं आहे. मेंदूला बसणारा हादरा थांबतो हे अजून नीट सिद्ध झालेलं नाही. याचा तोटा कसा होतो बघा : पोराला वाटतं गार्ड आहे म्हणजे डोकं सुरक्षित, आणि कोचला वाटतं चालू दे अजून एक राउंड. डोक्याला मार लागून चक्कर, उलटी, विसरायला होणं असं काही झालं की त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टर. तोंडात गार्ड असो की नसो.

परागंदा_खामगावकर

मान्य. आमचे सर सांगायचे ते पुढं ढकललं.

झाडीपट्टी

एक वेगळाच अनुभव. गडचिरोली जिल्ह्यात शाळेवर आहे, वुशूचा (चिनी मार्शल आर्ट) छोटा गट चालवतो. सगळ्यांना पारदर्शक गार्ड दिले. दोन महिन्यांनी पाहिलं तर नववीतल्या दोघांचे गार्ड आतून तपकिरी. मी म्हटलं चहा पितात जास्त. मग वास घेतला.

खर्रा.

घरी कुणाला पत्ता नाही, शाळेत कुणाला पत्ता नाही, आणि गार्डानं चुगली केली. लाल गार्ड घेतले असते तर कळलंच नसतं.

तिखट_सावजी

आता या धाग्यावरून अर्ध्या विदर्भातली पोट्टी लाल गार्ड शोधतील.

वैनगंगेकाठी

हसू नका हो. आमच्या भंडाऱ्याकडं पानठेल्यावर सकाळी सातला पोरं पन्नीत खर्रा घासत बसलेली असतात. सुपारी, तंबाखू, चुना. आणि त्यातली निम्मी संध्याकाळी ग्राउंडवर धावायला येतात, भरतीसाठी.

दाढदुखी

हा विषय निघाला ते बरं झालं, नाहीतर मी काढणारच होतो.

@पराटीवाला, गार्ड बसवायच्या दिवशी एक काम करा. प्रत्येकाला तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्याचीच तीन बोटं, पहिलं-मधलं-अनामिका, उभी करून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायला लावा. तीन गेली तर ठीक. दोनच जात असतील तर त्याला विचारा किती दिवसांपासून खातो. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी कडक होते, पांढरट पट्टे येतात, तिखट सोसत नाही आणि तोंड हळूहळू उघडायचं बंद होतं. हा रोग पुढं कॅन्सरकडं जाऊ शकतो. माझ्याकडं एक विशीतला पैलवान गार्डचं माप द्यायला आला होता. मापाचा ट्रेच त्याच्या तोंडात जाईना. त्याला वाटत होतं माझा ट्रे मोठा आहे.

लालमाती

हे मात्र खरं हाय. आखाड्यात वस्ताद पहिले तोंडाचा वास घेत होते, मंग लंगोट बांधू देत होते.

शाळामास्तर_दिग्रस

मूळ प्रश्नाकडं येऊ का? मी दिग्रसला शाळेत किकबॉक्सिंग घेतो, १८ मुलं आहेत. मला भावापेक्षा हे विचारायचं आहे की गार्ड आणल्यावर बसवायचे कसे. पाकिटावरचा कागद इंग्रजीत, तोही पुसट छापलेला. मागच्या वर्षी ६ आणले, त्यातले ३ मी उकळून लाडू केले.

ठोसा

मास्तर, हे माझ्यावर सोडा. मी अकोल्याला चारशेच्या वर बसवले असतील. कारखान्याच्या कागदावर वेळ लिहिलेली असते, ती पहिली माना. कागद नसेल तर माझी रीत अशी.

मोठा गंज, म्हणजे पातेलं, घ्या. पाणी उकळलं की गॅस बंद करा आणि मिनिटभर थांबा. खळखळ उकळत्या पाण्यात टाकलं की लाडू होतो, तुमची चूक तीच. दुसऱ्या भांड्यात गार पाणी ठेवा. जवळ झारा, चिमटे धोक्याचे, टोचून भोक पडतं.

गार्ड आधी कोरडंच तोंडात घालून मापून बघायचं. मागं टोचत असेल तर आताच कापायचं, नंतर नाही. मग गरम पाण्यात तीसेक सेकंद. झाऱ्यानं काढा, पाणी झटका, एक क्षण गार पाण्याला टेकवा, नाहीतर हिरड्या भाजतात. आरशासमोर वरच्या दातांवर मधोमध बसवायचं. आता महत्त्वाचं : चावायचं हळू. पोरं ऊस चावल्यासारखी चावतात, मग दाताखालचा भाग कागदाएवढा पातळ होतो आणि तो गार्ड फेकण्याच्या लायकीचा. हळू चावायचं, ओठ मिटून आतून हवा ओढायची, जिभेनं टाळूकडून दाबायचं, बाहेरून गालावर आणि ओठांवर बोटांनी दाबायचं. वीस-तीस सेकंद. काढून गार पाण्यात.

पास-नापास अशी : तोंड उघडून डोकं हलवायचं. वरच्या दातांना चिकटून राहिलं तर पास. पडलं तर परत एकदा गरम करता येतं. तिसऱ्यांदा नको, मग ते नीट धरत नाही.

एका वेळी दोनच पोरं. सगळ्यांना एकदम उभं केलं की कुणाचं कुणाच्या तोंडात जाईल सांगता येत नाही.

शाळामास्तर_दिग्रस

'मिनिटभर थांबा'. एवढंच हुकलं होतं माझं. धन्यवाद.

वैनगंगेकाठी

खालच्या दातांचं काय? दोन्ही बाजूंचं एकत्र गार्ड पण मिळतं ना?

ठोसा

मिळतं, पण श्वास कोंडतो. दोन राउंडनंतर पोरगं माशासारखं तोंड उघडतं आणि तेव्हाच फटका बसला की जबडा जातो. वरच्या दातांचं पुरे. खालचा जबडा पुढं आलेला असेल तर मात्र खालच्या दातांवर बसवावं लागतं, ते डॉक्टरांना विचारा.

कडुनिंब

चंद्रपूरहून. अनुभव एक ओळीचा : मे महिन्यात गाडीच्या काचेजवळ गार्ड विसरलो, दुपारी चारला आलो तर डबीत सांडगा वाळत घातलेला.

संत्रानगरी

मोटारसायकलच्या डिक्कीत पण तेच. आणि पोरं घरी नेऊन कढत पाण्यानं धुतात, 'जंतू मरतात' म्हणून. जंतू राहतात, साचा मरतो. गार पाणी, मऊ ब्रश, थोडी साबण, वारा लागेल अशी छिद्राची डबी.

परागंदा_खामगावकर

विषयांतर, पण माहीत आहे म्हणून सांगतो. हे प्रकरण आजकालचं नाही. १८९० च्या सुमारास लंडनचे दंतवैद्य वूल्फ क्राउझ बॉक्सरच्या वरच्या दातांवर गटापर्चाच्या पट्ट्या बसवून द्यायचे, ओठ फाटू नये म्हणून. गटापर्चा म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेला पदार्थ.

दाढदुखी

आणि तोच गटापर्चा आम्ही आजही रूट कॅनाल भरायला वापरतो. म्हणजे दात वाचवायला पण तोच, वाचला नाही तर भरायला पण तोच.

अंजनगावची

डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. गार्ड नसताना दात अख्खाच निघून पडला तर? आमच्या गावात एका मुलीचा कबड्डीत पडला, आजीनं तो उंदराच्या बिळात टाकायला लावला.

दाढदुखी

दुधाचा दात असेल तर आजी बरोबर. दुधाचा दात परत बसवत नाहीत. पक्का दात असेल तर आजी चूक, आणि घड्याळ सुरू झालं.

दात पांढऱ्या बाजूनं धरायचा, मुळाला हात लावायचा नाही. माती लागली असेल तर दुधानं किंवा पाण्यानं हलकं धुवायचा. घासायचा नाही, फडक्यानं पुसायचा नाही. पोर शुद्धीत असेल, घाबरलेलं नसेल तर तिथंच जागेवर बसवून रुमाल चावायला द्यायचा. जमत नसेल तर दुधात टाकून पळायचं. अर्ध्या तासात पोहोचलात तर उत्तम, तासाच्या पुढं आशा कमी होत जाते. वाळलेला दात म्हणजे मेलेला दात. कागदाच्या पुडीत बांधून आणतात लोक, जीव तुटतो बघून.

दूध तर गावात घरोघरी. जिममध्ये झाकणाची एक स्वच्छ डबी ठेवा आणि कुणाच्या घरी म्हैस आहे ते पोरांना पाठ करून ठेवा.

तिखट_सावजी

यवतमाळपर्यंतच्या रस्त्यावर अर्ध्या तासात पोहोचायचं तर दुधाचं ताक होईल.

पराटीवाला

हाहा. आणि दात वर लोण्यात.

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. ३८ वाल्याला फोन लावला. गरम पाण्यात मऊ होतं का विचारलं. तो म्हणाला, "सर, गरम पाण्याचीच गरज नाही, डायरेक्ट यूज." म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेली पहिली जात. २ नग सॅम्पल मागितले तर १०० च्या खाली देत नाही म्हणाला. ठेवला फोन.

येत्या रविवारी नागपूरला जातो. आल्यावर लिहितो.

ठोसा

बिल पक्कं घ्या. आज नाही तर उद्या व्यायामशाळेच्या अनुदानासाठी क्रीडा कार्यालयात फाइल घेऊन जाल तेव्हा कच्च्या चिठ्ठीकडं कोणी बघत नाही. आणि पाकिटं सीलबंद बघा. सुटे पोत्यात भरलेले असतील तर हातही लावू नका, तोंडात घालायची वस्तू आहे.

लालमाती

नवू वर्साच्या पोट्ट्याले कोन ठोसे मारू देते बे? हे कोनी नाई इचारलं.

पराटीवाला

काका, विचारलंत ते बरं केलं. १२ च्या खालच्यांना मी स्पारिंग देतच नाही, फक्त पॅडवर मारतात आणि पाय शिकतात. पण पॅड धरणाऱ्याचा हात सटकतो, पोरं मागं सरताना एकमेकांवर आदळतात. आणि आता सवय लावली तर पंधराव्या वर्षी सांगावं लागत नाही.

दाढदुखी

त्यांचे दात पडायचे-यायचे दिवस आहेत. साचा चार-सहा महिन्यांत सैल होतो. लहान्यांसाठी महागातलं घेऊ नका, पण दर सहा महिन्यांनी बदलायचं हे धरून चला. म्हणजे ६० घेऊन वर्षभर निश्चिंत, असं होणार नाही.

पराटीवाला

(तीन आठवड्यांनी)

आलो. कापसाच्या पेरणीत अडकलो होतो, माफी.

सीताबर्डीवर दोन दुकानं फिरलो. पहिल्यानं 'सगळेच होतात मऊ' म्हटलं. २ नग विकत घेतले, समोरच्या चहावाल्याकडून गरम पाणी मागितलं आणि तिथंच करून पाहिलं. चहावाला बघतच राहिला. एक झाला मऊ, दुसरा नुसता ओला. दुसऱ्या दुकानात तीच परीक्षा, दोन्ही पास. तिथं ८५ चा ८० केला, ४ डझन घेतले, सीलबंद, प्रत्येकाला डबी, सगळे पारदर्शक. ३,८४० आणि पक्कं बिल. ६० घेतले नाहीत कारण डोकी मोजण्याऐवजी आधी तोंडं मोजली. जुन्या ११ पैकी ७ चांगले आहेत, ४ चावून चोथा झालेले. म्हणजे गरज ३४ ची. त्यात ज्युनिअर १४, सीनिअर २०. अंजनगावच्या ताईंनी सांगितलं नसतं तर ज्युनिअर ८ च धरले असते.

२ डझन ज्युनिअर, २ डझन सीनिअर. रविवारी सकाळी गोदामात चूल मांडली, गंज चढवला. बायको झाऱ्यावर, मी आरशापाशी. नऊला सुरू केलं ते दीड वाजला. वाया गेले ५, तीन लहान्यांचे आणि दोन मोठ्यांचे. त्यातलं एक वाया गेलं म्हणता येणार नाही, थंड करायला ठेवलं होतं ते कुत्र्यानं नेलं. बसलं मात्र त्याच्या दातांवर.

डबीवर मार्करनं नाव घातलं आणि गार्ड जिममध्येच ठेवायचे असं ठरवलं. भिंतीला खिळे ठोकून दोऱ्यानं डब्या टांगल्या, वारा लागतो.

तीन बोटांची परीक्षा पण घेतली. ३९ जणांची तीन गेली. एकीची अडीच. आणि भरतीवाल्याची दोन. सगळ्यांसमोर काही बोललो नाही. सगळे गेल्यावर त्याला थांबवलं, डॉक्टरांनी लिहिलेलं मोबाइलवर वाचायला दिलं. त्यानं दोनदा वाचलं. मग म्हणाला, तिखट सोसत नाही हे मला वाटे आईच जास्त टाकते म्हणून. बुधवारी त्याला घेऊन सावंगीला जातोय. त्याचं गार्ड अजून पाकिटातच आहे.

अंजनगावची

भाऊ, तो पाकिटातला सांभाळून ठेवा.

दाढदुखी

त्याला सांगा आजपासून बंद, सुपारी सुद्धा. बंद केलं तर पुढं वाढणं थांबायची आशा असते. तोंड उघडायचे व्यायाम असतात, ते तिथं शिकवतील. बुधवारी ओपीडीला सकाळी लवकर जा, गर्दी असते. आणि ती अडीचवाली पण बघा.

पराटीवाला

हो डॉक्टर. तिच्या घरी सुपारी फोडायचा धंदा आहे, नुसती बसल्या बसल्या तोंडात टाकते. तिची आई पण येते म्हणाली बुधवारी.

लालमाती

दोघायलेही घेऊन जा. भाड्याचं मले सांग.

शाळामास्तर_दिग्रस

पराटीवाला भाऊ, हिशोब करून पाहिला. तुमच्याकडं ज्युनिअर ७ आणि सीनिअर २ उरले असणार.

पराटीवाला

मास्तर ते मास्तरच. बरोबर. सीनिअर २ ठेवतो, मोडतोड होते. ज्युनिअर ७ मधले तुम्हाला किती पाहिजेत? ८० लाच देतो.

शाळामास्तर_दिग्रस

५ द्या. आणि पुढच्या वेळी माझे १३ धरून एकदमच आणू, डझनाचा भाव अजून खाली येईल. मंगळवारी दारव्ह्याला काम आहे, तिथून तुमच्या गावाला येतो. बसवून पण तुमच्याकडंच घेऊ का? पोरं सोबत आणतो.

पराटीवाला

आणा की. गंज घासून ठेवतो. कुत्रं बांधून ठेवतो.